डोळ्याखालचा फुटवा

मखमलाबाद रस्त्यावरच्या नर्सरीत हौशीराम काकडांनी
मोसंबीचं रोप पिशवीसकट दादांच्या हातात दिलं
आणि बोटानं जोड दाखवला,
मातीपासून वीतभर वर,
जुनी जखम भरून आल्यासारखा फुगीर.
"इथं डोळा भरलाय, साहेब. वर मोसंबी, खाली जंबेरीचा खुंट.
खालून फुटवा आला की मोडायचा.
दया करायची नाही."

दादा दया करणाऱ्यातले नव्हतेच.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं
त्यांनी तिकिटांचे ताव तपासले.
सरकलेली शाई, हुकलेलं छिद्र,
केसाएवढा फरक दिसला की ताव बाजूला.
घरी आले की आम्हाला तपासायचे.
"पानी नाही. पाणी. जीभ वर वळव."
मी वळवायचे.
जेलरोडच्या आमच्या गल्लीत
इतका खणखणीत ण दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

रविवारी चहाच्या आधी ते झाडाशी वाकायचे.
जोडाखालचा काटेरी कोंब अंगठ्यानं खुडायचे,
आणि मग अंगठा नाकाशी न्यायचे,
बराच वेळ.

मोसंबी धरली. तीन-चार डझन, पातळ सालीची,
गोड, जराशी मचूळ.
शेजारच्या गायधनीकाकू म्हणायच्या,
आजाऱ्याला द्यायला बरी आहे हो.

मग दादांच्या अंगावरून वारं गेलं.
तीन आठवडे शब्द नाही.
आणि एका दुपारी, स्पष्ट:
"पानी."
व्यायाम घ्यायला येणारी मुलगी टाळ्या वाजवायला लागली.
मी सवयीनं म्हणून गेले, "पाणी."
ते माझ्याकडे बघत राहिले,
चुकीच्या खिडकीपाशी रांग लावलेल्या माणसासारखे.
मग बोलत सुटले. भराभर, सलग.
आई दारात उभी. "काय बोलतायत गं हे?"
पस्तीस वर्षं संसार, आणि त्यातलं
एक अक्षर तिच्या कानावर पडलं नव्हतं.

सटाण्याहून धुडकूनाना आले,
टोपी काढून खाटेच्या कडेला टेकले
आणि त्याच बोलीत उत्तर दिलं.
दोघं कशावर तरी हसले.
कुणाच्या तरी बैलावर, असं नाना नंतर म्हणाले,
पण सांगितलं नाही. सांगून मजा नाही म्हणाले.

त्या साली झाडाशी कुणी वाकलं नाही.
पुढच्या सालीही नाही.
जानेवारीच्या गारठ्यात मोसंबी शेंड्याकडून वाळत आली.
उरल्या पानांवर
पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बसल्या,
डिवचलं की नारिंगी शिंगं काढणाऱ्या.
खालून मात्र जंबेरी उठली,
भिंतीच्या वर गेली, बोटभर काटे घेऊन.
धोब्याची चादर फाटली तिच्यात.
धाकटा म्हणाला, हे आता आपलं झाड नाही, तोडून टाकू.
गायधनींकडून करवत आणून ठेवली,
ती न्हाणीच्या दारामागे तशीच.

तिसऱ्या पानगळीनंतर फळ आलं.
खडबडीत, बेढब पिवळं, आत निम्म्या बियाच.
मी एक चिरलं. घरभर वास सुटला,
मोसंबीला कधीच नव्हता असा, नाकाला झोंबणारा.
एक फोड दादांच्या जिभेवर ठेवली.
डोळे मिटले. सगळा चेहरा आवळला,
मेलेली बाजूसुद्धा, मला वाटलं.
"आंबट शे," म्हणाले.
मग पुन्हा तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं.
दुसरी फोड दिली. रस हनुवटीवरून गळ्यात गेला.
"मना गावना शे."

रात्री भांडी घासून झाल्यावर नानांना फोन लावला.
विचारलं, जंबेरीचं लोणचं कसं घालतात.
"लोनचं व्हय?" नाना म्हणाले.
मी म्हटलं, हो, तेच.
लोनचं.